पिल्लू तितकंच पाहतं, पण किती उजेडात?

‘उडी मारणाऱ्या कोळ्याची पिल्लं अंड्याच्या कोशातून बाहेर येतात तेव्हाच मोठ्यांइतकं स्पष्ट पाहतात.’ हे वाक्य मी एका सेमिनारमध्ये स्लाइडवर टाकलं होतं. एम.एस्सी.च्या एका ज्युनियरने हात वर केला: “ताई, किती उजेडात?” मला उत्तर देता आलं नाही. मी सारांश आणि दोन आकृत्या वाचल्या होत्या, निबंध नाही. नंतर तो नीट वाचला. त्यात काय पक्कं आहे आणि कुठे आपण जास्त ताणतो, ते आज लिहिते.

निबंध 2019 चा, ‘व्हिजन रिसर्च’मधला. सिनसिनाटी विद्यापीठातल्या जॉन गोटे, नेथन मोरहाऊस आणि सहकाऱ्यांचा. प्राणी फिडिपस ऑडॅक्स, उत्तर अमेरिकेतला उडी मारणारा कोळी. पिल्लू जेमतेम काही मिलिमीटरचं, तरी आईबापांसारखंच डोळ्यांच्या भरवशावर शिकार करतं. एवढ्याशा डोक्यात हे कसं मावतं, हा प्रश्न.

प्रश्नाची खोली कळायला कात टाकणं समजून घ्या. कोळ्याच्या डोळ्याचं भिंग हे त्याच्या बाह्यकवचाचाच पारदर्शक भाग असतो. घरात कोळ्याची टाकलेली कात सापडली तर तिचा डोक्याकडचा भाग भिंगाखाली बघा, गोल स्वच्छ खिडक्या दिसतील. ती जुनी भिंगं. दर कातीला खाली नवं, मोठं भिंग तयार होतं. पण मागचं दृष्टिपटल टाकलं जात नाही. म्हणजे दर वेळी नव्या भिंगाशी जुन्या दृष्टिपटलाचं जमायला हवं. चतुराच्या अळीसारखे कीटक कात टाकताना संयुक्त डोळ्यात नवे घटक जोडत जातात. कोळ्याच्या प्रत्येक डोळ्याला भिंग एकच. मग वाढायचं कसं?

निबंधाचं उत्तर: पेशींची संख्या वाढत नाही, पेशी वाढतात. पिल्लाकडे सुमारे 8 हजार प्रकाशग्राही पेशी सुरुवातीपासूनच असतात. त्या लहान आणि दाटीने बसवलेल्या असतात, इतकंच.

याचं गणित साधं आहे. दोन शेजारच्या पेशींमधला कोन म्हणजे त्यांच्यातलं अंतर भागिले नाभीय अंतर. समजा (हे आकडे माझे, फक्त समजण्यापुरते) मोठ्या कोळ्यात पेशी 4 मायक्रॉनवर आणि नाभीय अंतर 400 मायक्रॉन. पिल्लात 2 आणि 200. दोन्हीकडे कोन तोच, साधारण 0.6 अंश. आख्खा डोळा प्रमाणात लहान केला तर चित्राचा बारकावा तसाच राहतो.

पण उजेड तसा राहत नाही. भिंगाचा व्यास निम्मा झाला की प्रत्येक पेशीच्या वाट्याला येणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. शिवाय आखूड पेशी आलेला प्रकाशही कमी शोषते. ही किंमत निबंधाने लपवलेली नाही, उलट तोच त्याचा अर्धा निष्कर्ष आहे: बारकावा राखला, संवेदनशीलता गमावली. ‘पिल्लं मोठ्यांइतकंच पाहतात’ असं लिहिणाऱ्या बातम्यांनी (आणि माझ्या स्लाइडने) पहिला अर्धा घेतला, दुसरा सोडला.

आता निबंध वाचताना मला जाणवलेल्या तीन मर्यादा.

पहिली, डोळे कुठले? उडी मारणाऱ्या कोळ्याला आठ डोळे. हा अभ्यास पुढच्या बाजूच्या जोडीचा आहे, जी समोरची हालचाल टिपते. खरा बारीक तपशील पाहतात ते मधले दोन मुख्य डोळे, लांब नळीसारखे, ज्यांचं दृष्टिपटल आतल्या आत हलतं. एका जोडीवरून ‘कोळ्याची दृष्टी’ म्हणणं घाईचं आहे.

दुसरी, रचनेवरून काढलेला कोन ही क्षमतेची वरची मर्यादा आहे, प्रत्यक्ष पाहणं नव्हे. भिंग लहान झालं की विवर्तनाने चित्र पुसट होतं. 0.5 मायक्रॉनच्या प्रकाशाला 100 मायक्रॉनचं भिंग सुमारे 0.3 अंशांपर्यंत न्याय देतं, 50 मायक्रॉनचं सुमारे 0.6 पर्यंतच. माझ्या वरच्या उदाहरणात तिथे पेशींची दाटी असूनही फायदा संपत येतो. खरं काय होतं ते वर्तनाच्या प्रयोगात, उजेड बदलत नेऊन, तपासावं लागेल.

तिसरी, ऊतीचे छेद घेतले की तो कोळी संपला. त्यामुळे छेदांवरून त्याच कोळ्याच्या दोन कातींमधला बदल कळत नाही, वेगवेगळ्या कोळ्यांची तुलना होते. जिवंत कोळ्याच्या डोळ्यात डोकावणारं सूक्ष्म उपकरण इथे मोलाचं ठरतं.

यावरून ‘कोळ्यांचे डोळे जन्मतः ठरलेले’ असा नियमही काढू नका. 2017 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये स्टॅफस्ट्रॉम, मिखालिक आणि हेबेट्स यांनी डायनोपिस स्पिनोसा या रात्री जाळं फेकून शिकार करणाऱ्या कोळ्याचा अभ्यास मांडला. याचे नर प्रौढ झाले की डोळ्यांच्या भरवशावरची शिकार बंद करतात. त्यांचे डोळे लहान नरांपेक्षा आणि माद्यांपेक्षा वेगळे आढळले, आणि मेंदूतल्या दृष्टीच्या भागांच्या आकारमानातही फरक होता. इथे सावधगिरी वेगळी लागते: वर्तन आणि डोळा एकत्र बदलतात हे दिसतं, पण कोणामुळे कोण बदललं ते या मोजमापातून सिद्ध होत नाही.

माझं मत? 2019 चा निबंध उत्तम आहे, जरूर वाचा. प्रश्न नेमका, उत्तर मोजता येणारं, आणि तोटाही मांडलेला. ढिलाई आपल्या वाचनात होते. आता कुठलाही दृष्टीवरचा दावा वहीत उतरवताना मी शेजारी तीन गोष्टी लिहिते: कुठला डोळा, काय मोजलं, किती उजेड. तिसऱ्या रकान्यासाठी त्या ज्युनियरचे आभार. ती स्लाइड मी अजून ठेवली आहे, पण वाक्य दुरुस्त करून.