प्रकाशाची मर्यादा आणि कथेतील करुण

कथेतील यान प्रकाशाहून वेगाने धावू लागले की अंतर संपते. आणि अंतर संपले की विरहही संपतो. २०२५ साली दिवंगत झालेले जयंत नारळीकर यांच्या 'कृष्णविवर' या कथेचे मोल या दृष्टीने पाहावयास हवे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत टोपणनावाने पाठविलेल्या या कथेस पारितोषिक मिळाले. तीत निसर्गनियम मोडलेला नाही. कृष्णविवराच्या प्रबळ गुरुत्वाकर्षणाने त्याच्या सान्निध्यातील काळ मंदावतो. पृथ्वीवर मात्र वर्षांमागून वर्षे लोटतात.

ही कल्पना आपणांस परकी नाही. रेवतीसह ब्रह्मलोकी गेलेला ककुद्मी राजा परतला, तो युगे उलटली होती. तेथे देवलोकाचा महिमा, येथे आइन्स्टाइनचे गणित, एवढाच भेद. सूर्यानंतरचा निकटतम तारा सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाशाच्या चारपंचमांश वेगाने तेथे जाऊन येणाऱ्याची सव्वासहा वर्षे सरतील. घरी वाट पाहणाऱ्या मातेची साडेदहा. या दोन हिशेबांतील तफावत हेच करुणाचे बीज होय.

नारळीकर नियमाचे विवेचन करताना जितके रमतात, तितके परतलेल्याच्या एकाकीपणापाशी थांबत नाहीत, ही उणीव खरी. तथापि पांढुर्णा-सौंसर परिसरात मराठी शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांनी अशा कथा विज्ञानशिक्षकाच्या स्वाधीन करून मोकळे होऊ नये. वृत्ताच्या बंधनात कविता खुलते; प्रकाशाच्या मर्यादेत ही कथा खुलते. ते खुलणे दाखविणे हे साहित्याच्या तासाचेच काम आहे.