थांबलेल्यांचे छायाचित्र

सांजवेळी ट्रायपॉडवर कॅमेरा लावून शटर ३० सेकंद उघडे ठेवले, की बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणारी गाडी उरत नाही. उरते प्रकाशाची रेघ. अशी छायाचित्रे देखणी खरी. परंतु त्यांत प्रवासी पुसले जातात, हे आम्हांस खटकते. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसचा गजबजलेला रस्ता टिपला, तेव्हा चालती गर्दी नाहीशी झाली. बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरहून अमरावती जिल्ह्यातील अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ आता थांबली आहे. तिच्या अडीच फुटी रुळांवर प्रकाशाची रेघ उमटणार नाही. पण तेथे गाडीची आठवण काढीत कोणी उभा राहिला, तर तो मात्र उमटेल. छायाचित्रकारांनी आपला कॅमेरा तिकडे वळवावा, असे आम्हांस वाटते.