सिग्नलवाल्याचे भूत वर्गात आणावे का?

मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील किनवटसारख्या जंगलाकाठच्या गावात मुलांना रेल्वेच्या भुताची गोष्ट सांगावी का? आमच्या मते अवश्य सांगावी. मात्र ती पारखून घ्यावी. चार्ल्स डिकन्स यांची १८६६ साली प्रसिद्ध झालेली ‘द सिग्नल-मॅन’ ही कथा त्यासाठी उत्तम आहे.

बोगद्याच्या तोंडाशी एकट्याने काम करणाऱ्या सिग्नलवाल्याला एक आकृती दिसते. ती हातवारे करून धोक्याचा इशारा देते आणि नंतर काहीतरी अघटित घडते. कथेचा निवेदक हे निमूटपणे मान्य करीत नाही. डोळ्यांच्या नसांचा विकार असेल, तारांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज असेल, योगायोग असेल, असे पर्याय तो मांडतो. आपण आलो असताना घंटा वाजली, असे सिग्नलवाला म्हणतो. तेव्हा ‘माझे लक्ष घंटेकडेच होते, ती वाजली नाही’ असे तो स्पष्ट सांगतो. दुसऱ्या निरीक्षकाची गरज इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कोणी दाखविली असेल.

कथेचा शेवट मात्र आम्हाला पटत नाही. तेथे लेखक जुळलेल्या गोष्टीच मोजतो. इशारा होऊनही काहीच घडले नाही, असे प्रसंग कथेत नाहीतच. शिवाय अपघात जणू विधिलिखित ठरतो. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमधील स्टेपलहर्स्ट येथे झालेल्या अपघातात डिकन्स स्वतः गाडीत होते. त्यात दहा प्रवासी दगावले. पुलावरचे रूळ दुरुस्तीसाठी काढलेले होते, मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचले होते आणि झेंडीवाला नियमापेक्षा फारच जवळ उभा होता. कारणे माणसांची होती, म्हणूनच ती टाळता येण्याजोगी होती.

कारणे न शोधण्याची किंमत मोठी असते. पश्चिम बंगालमधील बेगुनकोदर स्थानकात पांढऱ्या साडीतील बाई दिसते, अशी वदंता पसरली. १९६७ साली बंद पडलेले ते स्थानक २००९ साली पुन्हा उघडले. बेचाळीस वर्षे गावकऱ्यांना जवळचे स्थानक असून नसल्यासारखे झाले. २०१७ साली विवेकवादी कार्यकर्त्यांनी तेथे रात्र काढली. भूत काही भेटले नाही.

म्हणून गोष्ट संपल्यावर मुलांना विचारावे: कोणी पाहिले? सोबत कोण होते? काहीच दिसले नाही अशा रात्री किती? रात्री लांबची गाडी अगदी जवळ आल्यासारखी का वाटते, हेही विचारावे. जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असली की ध्वनी खाली वळतो आणि दूरवर पोचतो. हे कळल्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही. अंधारात घरी परतणाऱ्या मुलाची भीती मात्र कमी होते.