भिंतीवरची आकाशगंगा

भिवंडीत बोलतोय, म्हणून आधी कापडाचं सांगतो. मागावरून उतरतं ते ग्रे कापड. रंग त्याला नंतर प्रोसेस हाऊसमध्ये चढतो. घरोघरी ‘गॅलेक्सी’ म्हणून फ्रेम लागते, तिचंही तसंच. हबल दुर्बिणीने १९९५ साली गरुड तेजोमेघ टिपला तो काळा-पांढरा, वेगवेगळ्या फिल्टरमधून. मग गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग दिला गेला. (आणि ती गॅलेक्सी नव्हेच, आपल्याच आकाशगंगेतला वायू-धुळीचा ढग.)

रंग दिले म्हणून चित्र खोटं, असं आम्ही मानत नाही. कुठे कुठला वायू आहे, हे त्या रंगांवरूनच कळतं. आमचा आक्षेप फ्रेमवर आहे. मूळ चित्राच्या एका कोपऱ्यात पायऱ्यापायऱ्यांची काळी खाच आहे, कारण चार कॅमेऱ्यांपैकी एक अधिक बारीक, पण लहान भाग टिपत होता. विक्रीच्या प्रतीत बहुतेकदा तो कोपरा कापलेला असतो, वर सोफ्याला शोभेल असा जांभळा चढवलेला. जांभळा चढला की वायूची खूण गेली!

दिवाणखान्यात काय लावावं, हे आम्ही कोण सांगणार? पण मूळ चित्र नासाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. इथल्याच एखाद्या प्रिंटवाल्याकडून छापून घ्या; फक्त कोपरा कापू नको, असं त्याला बजावा.