चमत्काराविना चरित्र

मराठीतील चरित्रवाङ्मयाचा विचार करताना आपण बहुधा राजपुरुष, समाजसुधारक आणि साहित्यिक यांच्यापाशी थांबतो. ज्यांच्या नावाने रस्ते किंवा संस्था ओळखल्या जात नाहीत, पण ज्यांच्या निष्ठेने आणि चिकाटीने भोवतालच्या चार माणसांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले, अशांचे चित्रण हा समीक्षेने दुय्यम विषय मानला. 'व्यक्तिचित्र' किंवा 'आठवणी' अशी चिठ्ठी लावली, की त्यांची बोळवण होते. वस्तुतः चांगुलपणा ही लेखणीला अतिशय अवघड जाणारी गोष्ट आहे. दुष्टपणाला घटना लाभतात. चांगुलपणा हा रोजचा असतो. रोजचे तेच ते सांगत राहिले तर वाचक कंटाळतो, आणि ते फुगवून सांगितले तर त्याचा विश्वास उडतो. या पेचातून मराठी गद्याने कशी वाट काढली, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जुन्या परंपरेपुढे हा पेच नव्हता. महीपतीच्या 1762 मधील 'भक्तविजया'त कुंभार, शिंपी, माळी, महार असे सामान्य जनच नायक आहेत, आणि त्यांचा व्यवसाय महीपती विसरत नाही. गोरा कुंभार चिखल तुडवतो. भजनाच्या तंद्रीत मूल पायाखाली येते. पुढे ते मूल जिवंत होते. सामान्याची थोरवी सिद्ध करायला देव साक्षीला येतो, म्हणून चरित्रकाराला निराळा पुरावा द्यावा लागत नाही. एकोणिसाव्या शतकानंतरच्या लेखकाला हा साक्षीदार उरला नाही. मग त्याने पुरावा कोठून आणला? माझे उत्तर असे, की त्याने तो हिशेबातून आणला. पैसा, अंतर, कापड, शिधा, जागरण यांचा हिशेब जिथे चोख आहे, तिथेच आधुनिक मराठी गद्यातील सज्जन माणूस खरा वाटतो. जिथे तो हिशेब सुटतो, तिथे स्तोत्र सुरू होते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (1949) या पुस्तकातील धर्मा रामोशी पाहा. त्याला एक जुने धोतर मिळते. पुढे ते त्याच्या अंगावर दिसत नाही. दिसते ते त्याच्या लेकीच्या अंगावर, लुगड्यासारखे नेसलेले. माडगूळकर त्यावर भाष्य करीत नाहीत. बापाची माया हा शब्दही तिथे लागत नाही, कारण धोतर पुरेसे बोलते. पु. ल. देशपांडे यांचे चितळे मास्तर झिजलेल्या वहाणांनिशी लक्षात राहतात, तेही याच कारणाने. मात्र पु. लं.चा विनोद वाचकाला सुखावतो, आणि सुखावलेला वाचक त्या वहाणांचा जाब कोणाला विचारत नाही. शिक्षकाच्या गरिबीला आपण गोडवा आणला, हा दोष मी लेखकापेक्षा वाचकांना अधिक देईन. शालेय पाठ्यपुस्तकांतून या वाङ्मयाचे जे वाचन झाले, त्याने तो वाढवलाच.

'श्यामची आई'चा (1935) विचार येथे टाळता येत नाही. नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेल्या या पुस्तकाने मराठी मनावर केलेला संस्कार वादातीत आहे. वाद आहे तो त्यातील अश्रूंविषयी. समीक्षकांनी ते अश्रू अनेकदा मोजले आहेत, मी पुन्हा मोजत नाही. एवढेच म्हणेन, की श्यामला पत्रावळ लावता आलीच पाहिजे, पोहायला घाबरणाऱ्या मुलाला फटके देऊन का होईना पाण्यात धाडलेच पाहिजे, असा आग्रह धरणारी आई ही रडणाऱ्या आईपेक्षा कितीतरी सशक्त आहे. तिचा चांगुलपणा हाताला लागतो. सानेगुरुजींच्या अनुकरणाने पुढे जे लेखन झाले, त्याने पत्रावळ सोडली आणि अश्रू उचलले.

खरी समृद्धी आहे ती स्त्रियांच्या आत्मकथनांत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली आणि 1936 मध्ये त्यांचे निधन झाले. तिच्या विनोदावर, निरागस शैलीवर भरपूर लिहिले गेले आहे. पण त्या विनोदाखाली चाललेल्या एका गंभीर युक्तिवादाकडे आपले लक्ष गेले नाही. रेव्हरंड टिळक हे दिलदार गृहस्थ. हातातला पैसा समोरच्या गरजूला देऊन टाकावा, अनोळखी माणसाला घरी आणावे, मनात आले की न सांगता निघून जावे. ज्यांना त्यांनी दिले, त्यांच्या दृष्टीने ते देवमाणूस होते, आणि लक्ष्मीबाईंनाही त्यात संशय नाही. परंतु त्या देवमाणसाने घरी आणलेल्या पाहुण्याला जेवू घालायचे कोणी? डब्यात पीठ नसताना? एकाच्या औदार्याचा स्वयंपाक दुसऱ्याला करावा लागतो, हे मराठी गद्यात प्रथम इतक्या स्पष्टपणे लक्ष्मीबाईंनी दाखवले. आणि त्यांचे वैशिष्ट्य असे, की त्या नवऱ्याचे औदार्य खोटे ठरवीत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि दोन्ही एकाच पानावर.

1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या; 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पतिव्रतेने पतीच्या मागे जावे तशा त्या गेल्या, हे वाचन अगदी चुकीचे आहे. माहेरी वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यात वाढलेली ही बाई स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला सोवळे सोडते. टिळकांच्या निधनानंतर (1919) त्यांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुरे करते कोण, तर जिला रीतसर शाळा लाभली नाही अशी ही बाई. तेथील चिकाटी स्वयंपाकघरातलीच आहे; फक्त आता ती ओवीच्या चुलीपाशी बसली आहे.

दुसरे पुस्तक आनंदीबाई तथा बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' (1944). मला येथे एक कबुली द्यायची आहे. माझ्या प्रबंधात या पुस्तकाचा उल्लेख दोनदा आला, आणि दोन्ही वेळा तळटीपेत. महर्षी कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'ला (1915) पूरक असे एक साधन, यापलीकडे मी त्याला किंमत दिली नव्हती. पुढे अध्यापनाच्या निमित्ताने ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली तेव्हा कळले, की पूरक नव्हे, हा दुसरा हिशेब आहे.

शीर्षकापासूनच पाहावे. पुराण देवांचे असते. आणि बोलीत 'पुराण लावणे' म्हणजे कंटाळवाणे लांबण लावणे. बाईने आपल्या आयुष्याला हा शब्द दिला, त्यात विनय आहे आणि चिमटाही आहे. देवरुखची ही मुलगी बालपणीच विधवा झाली. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. इथपर्यंतचा भाग इतिहासाला ठाऊक आहे. 1896 साली कर्व्यांनी विधवांसाठी संस्था काढली, ती 1900 मध्ये हिंगण्याला गेली, फर्ग्युसन कॉलेजातले अध्यापन आटोपून ते पायी तिथे जात, हेही आपण शाळेत शिकलो.

न शिकलेला भाग असा, की ज्या आश्रमासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या व्यवहारापासून पुनर्विवाहित पत्नीला दूर राहावे लागे. लोकांनी आश्रमाला पुनर्विवाहाचा कारखाना समजू नये, म्हणून. कर्व्यांचे धोरण व्यवहाराला धरून होते. देणगीदार बिथरले असते तर आश्रम बुडाला असता, आणि मग त्या विधवांनी जावे कुठे? मी ते धोरण चूक म्हणू धजत नाही. पण त्याची किंमत कोणी भरली, ते पाहणे समीक्षकाचे काम आहे. आयुर्विम्याची पॉलिसीही कर्व्यांनी संस्थेला देऊन टाकली. मुलाबाळांच्या आईला हे रुचले नाही, आणि रुचले नाही हे तिने झाकले नाही. तिचे भांडण, तिचा त्रागा, आणि तरीही त्याच कार्यासाठी वर्गणीला दारोदार फिरणे, असे सगळे त्या पुस्तकात एकत्र नांदते. थोर माणसाच्या पत्नीने हसतमुखाने त्याग केला, हे वाक्य आपण इतक्या चरित्रांत वाचतो, की ते खोटे असेल अशी शंकाही येईनाशी होते. 'माझे पुराण' वाचल्यावर ती येते.

आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हिची 'माझी कहाणी' (1928) याच घराण्यातली. हीही विधवा; हिंगण्यासाठी निधी जमवीत गावोगाव हिंडली. इंग्रजी येत नाही म्हणून अडते, तर इंग्रजीच्या मुलखात जाऊन ते शिकावे, अशा सरळ हिशेबाने पन्नाशीच्या उंबरठ्यावरची ही बाई 1918 मध्ये अमेरिकेस गेली आणि तिथे लोकांच्या घरी कामे करून राहिली. या पुस्तकाचे 1930 साली इंग्रजी भाषांतर करणारे जस्टिन अ‍ॅबट हेच महीपतीचेही भाषांतरकार. एकाच माणसाला 'भक्तविजय' आणि ही कहाणी दोन्ही भाषांतरयोग्य वाटावीत, हा योगायोग नसावा असे मला वाटते. मराठीबाहेरच्या वाचकापर्यंत पार्वतीबाई तेव्हाच पोहोचल्या. मराठी समीक्षेपर्यंत पोहोचायला त्यांना फार वेळ लागला.

आता एक आक्षेप, आणि तो मला माझ्याच मांडणीविरुद्ध घ्यावा लागतो. एका सामान्य व्यक्तीच्या चिकाटीचे कौतुक करण्यात व्यवस्थेला सोडून देण्याची सोय असते. धर्माच्या लेकीला लुगडे का नाही, हा प्रश्न बापाच्या मायेने विझतो. दलित आत्मकथनांनी हे कौतुक नाकारले. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1982 साली 'स्त्री' मासिकात आले आणि 1986 मध्ये पुस्तकरूपाने निघाले. त्याच्या शीर्षकातच 'माझे' नाही. फलटण परिसरातील महारवाड्यातल्या बायांनी आंबेडकरांचे शब्द ऐकून मेलेले ढोर खाणे सोडले, पोरांना शाळेत घातले. या बायांना बहुधा नावे नाहीत. प्रेरणा देणारा एक आणि घेणारे अनेक, अशी आपली नेहमीची आकृती असते. इथे एकाच्या शब्दाला अनेकींनी रोजच्या उपासमारीत हात दिले नसते, तर तो शब्द सभेतच राहिला असता. आणि याच बायकांपैकी काही सासू म्हणून सुनांना कसे छळीत, तेही लेखिकेने त्याच तपशिलाने सांगितले आहे. गौरवग्रंथ लिहिणाऱ्याने ती पाने गाळली असती.

किराणा दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवून लिहिलेल्या या वह्या सुमारे वीस वर्षे झाकून ठेवलेल्या होत्या. नवऱ्याची मारहाण बेबीताईंनी सोसली, पण पुस्तकात ती नाही. माया पंडित यांच्या 2008 च्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत आहे. समाजाचे सांगायचे म्हणून स्वतःचे राखून ठेवले, असे त्यांचे म्हणणे. हा हिशेब त्यांनी जाणूनबुजून कोरा ठेवला. ती मुलाखत वाचल्यानंतर मी सुनांच्या छळाची पाने पुन्हा काढली, आणि त्या कोणाविषयी बोलत होत्या याची मला पहिल्या वाचनाइतकी खात्री राहिली नाही.