शेवटी ‘तुका म्हणे’ असले म्हणजे झाले?

वाचकहो, नारदांच्या गादीवर उभे राहून मी पन्नास वर्षे इतरांचे दोष सांगितले. आता गुडघे साथ देत नाहीत, उभे राहून सेवा होत नाही. म्हणून आज बसल्या जागी माझाच एक दोष आपल्यापुढे ठेवतो. तो आपल्याही उपयोगी पडेल असे वाटते.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावच्या सप्ताहात दशमीच्या रात्री माझे कीर्तन होते. दुपारी मुक्कामाच्या घरी आडवा झालो असता मोबाइलवर एक मजकूर आला. एका जपानी शास्त्रज्ञाने एकादशीच्या उपवासाने मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळे रोग बरे होतात असे सिद्ध केले आणि त्यासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, असा तो मजकूर. खाली तुकोबांचा म्हणून एक अभंग. त्यात उपवास हेच औषध, दुसरे औषध नको, असा भाव आणि शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’. मजकूर दहा जणांना पाठवावा, अशी आज्ञाही होती.

मला हर्ष झाला. दुसऱ्या दिवशी एकादशी, आणि आयता दृष्टांत हाती आला. रात्री मी जपानी शास्त्रज्ञही सांगितला आणि तो अभंगही म्हटला. मंडपात टाळ्या पडल्या.

आरती झाल्यावर एक वयोवृद्ध टाळकरी जवळ आले. शाळा दुसरीपर्यंत, पण गाथा तोंडपाठ. चारचौघांत काही बोलले नाहीत. मला बाजूला घेऊन हलकेच म्हणाले, “महाराज, तो अभंग गाथ्यात कुठं आला? मला काही आठवंना.” मी म्हणालो, “असेल एखाद्या प्रतीत.” ते पाया पडून निघून गेले. त्यांनी मला एक संधी दिली होती, ती मी घालवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळले की गावातील एका माळकरी आजींना तालुक्याच्या दवाखान्यात नेले आहे. आजींना साखरेचा आजार. एरवी एकादशीला त्या वरई, शेंगदाण्याची आमटी घेत. त्या दिवशी पाण्याचा थेंबही घेतला नाही. साखर कमी करणाऱ्या गोळ्या मात्र सवयीने घेतल्या. पोटात अन्न नाही आणि गोळी साखर खाली ओढतेय. दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, शुद्ध गेली. पांडुरंगाच्या कृपेने आणि वेळेवर नेल्यामुळे त्या वाचल्या. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, “तुम्हीच सांगितलं ना महाराज, म्हणून केलं.” त्या वाक्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते आजही झोपू देत नाही.

सप्ताह संपल्यावर मी विज्ञानाच्या एका शिक्षकांकडे जाऊन बसलो. त्यांनी समजावले ते असे. योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञांना २०१६ सालचे वैद्यकाचे नोबेल मिळाले, हे खरे. त्यांनी शोधले ते पेशीचे एक काम. पेशी आपल्यातील जुने, निकामी झालेले भाग मोडते आणि पुन्हा वापरते. ही क्रिया त्यांनी यीस्टमध्ये पाहिली, म्हणजे पाव फुगवायला घालतात त्या सूक्ष्म जीवात. यीस्टला उपाशी ठेवले की ही क्रिया वाढते. खरेपणाचा धागा एवढाच. एकादशी त्यात नाही, मधुमेह बरा केल्याची गोष्ट नाही, गोळ्या सोडा असे तर मुळीच नाही. कोणीतरी त्या धाग्याला भगवे कापड बांधले आणि मी ते पताका समजून खांद्यावर घेतले.

आता अभंगाचे. मी माझ्याजवळच्या सगळ्या गाथा चाळल्या. एकादशीचे माहात्म्य सांगणारे तुकोबांचे अभंग आहेत, हा मात्र कुठेच नाही.

वाचकहो, यात मला सर्वांत लाज कशाची वाटते, ते सांगतो. वारकरी कीर्तनाचा कणाच मुळी प्रमाण आहे. निरूपणाला अभंग घ्यायचा, त्यातला एकेक शब्द उलगडायचा आणि जे बोलू त्याला ज्ञानेश्वरीची ओवी, नाथांची ओवी, तुकोबांचा अभंग यांचे प्रमाण द्यायचे. प्रमाण चुकले तर मागे उभ्या टाळकऱ्यांच्या लक्षात येते. आमच्या गुरुजींपुढे एखादे वाक्य बोललो की ते डोळे न उघडता विचारीत, “कुठले?” उत्तर आले नाही तर वाक्य परत घ्यावे लागे. मायेच्या स्वरूपाविषयी बोलताना चार प्रमाणे देणारा मी, माणसाच्या जिवाशी गाठ असलेली गोष्ट बोलताना एकही प्रमाण शोधले नाही. कारण काय, तर ती मला आवडली होती. आवडलेल्या गोष्टीला आपण प्रमाण विचारत नाही. नावडती गोष्ट आली की मात्र आपण मोठे तार्किक होतो.

कोणी म्हणेल, संतांच्या नावाने आलेल्या गोष्टीची चौकशी करणे हा संशय झाला, आणि संशयी माणसाचा नाश होतो असे गीतेतच सांगितले आहे. सांगितले आहे, चौथ्या अध्यायात. पण त्याच अध्यायात, थोडे आधी, ज्ञान कसे मिळवावे हे सांगताना प्रणिपात आणि सेवा यांच्या मध्ये भगवंतांनी परिप्रश्न ठेवला आहे. नमस्कार करावा, विचारावे आणि सेवा करावी. ज्याला उत्तर नकोच असते त्याचा तो संशय. ज्याला उत्तर हवे असते त्याचा तो परिप्रश्न. त्या टाळकऱ्यांनी मला विचारले तो परिप्रश्न होता, पाया पडून विचारलेला.

आणि आपल्या संप्रदायात हे काम कोणी केले ते पाहा. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरवली गेली. उतरवणाऱ्यांच्या हातून पाठ बदलले, अशुद्धे शिरली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला गोदातीरी नाथांनी ती शुद्ध केली. भाद्रपदातील कपिलाषष्ठीला काम पुरे झाले. आपण भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती करतो ती त्या दिवसाची. ग्रंथ शुद्ध झाला तो दिवस आपल्या पूर्वजांनी ग्रंथाची जयंती म्हणून मानला, याचा अर्थ आपण कधी मनात घोळवला आहे काय? नाथांची माउलींवर श्रद्धा कमी होती म्हणून त्यांनी पाठ तपासले असे कोणी म्हणणार नाही.

शेवटी त्यांनी एक ताकीदही दिली. ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे, या अर्थाची. लक्षात घ्या, वाईट ओवी घालू नये असे नाथ म्हणाले नाहीत. चांगलीही घालू नये. म्हणून ‘अभंग तुकोबांचा नसेल, पण विचार तर चांगला आहे ना’ हा बचाव नाथांपुढे टिकत नाही. विचार चांगला असेल तर स्वतःच्या नावाने सांगावा. त्यासाठी तुकोबांची सही कशाला?

तुकोबांच्या हयातीत सालोमालो नावाचा एक माणूस होता. तो दुसऱ्याच्या अभंगांवर आपले नाव घालून ते खपवत असे, आणि तुकोबांनी त्याचा समाचार अभंगांतूनच घेतला आहे. आजचा व्यवहार उलटा झाला आहे. शब्द स्वतःचे आणि नाव तुकोबांचे. त्या सालोमालोने निदान तुकोबांचे शब्द तरी शाबूत ठेवले असतील. आजचा सालोमालो तुकोबांच्या तोंडी औषधे, राजकारण, जातीची भांडणे, काय वाटेल ते घालतो. आणि आपण त्याचे हमाल होतो.

इथे एक पथ्य मात्र पाळावे. गाथेच्या सगळ्या प्रती सारख्या नाहीत. १८६९ आणि १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून जी गाथा निघाली ती देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून केलेली. तिच्यात साडेचार हजारांवर अभंग आहेत. तुकारामतात्या पडवळांच्या गाथेत आठ हजारांहून अधिक. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या तर कोणत्याच पुस्तकात नव्हत्या. म्हणून एखादा अभंग आपल्या गाथेत नसला की लगेच ‘खोटा’ म्हणून ओरडू नये. ‘मला सापडला नाही, आपल्याला कुठे मिळाला?’ एवढेच विचारावे. ज्याला माहीत असेल तो सांगेल. ज्याला माहीत नसेल तो निदान थांबेल.

मोबाइलवर सगळ्यात जास्त मजकूर आपल्या दिंडीच्या, भजनी मंडळाच्या गटांतूनच येतो. पाठवणारा माळकरी असतो, वयाने मोठा असतो, त्यामुळे विचारायला संकोच वाटतो. त्या टाळकऱ्यांची रीत धरावी. चारचौघांत नाही, एकट्याला, हात जोडून. आणि आजार, औषध, उपवास यांविषयी काही आले तर ते पुढे पाठवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने एकादशी कशी करावी हे डॉक्टरांनी सांगावे. कीर्तनकाराने सांगू नये, मोबाइलने तर नाहीच.

एकादशीला नोबेलची गरज आहे काय, हाही प्रश्न स्वतःला विचारावा. त्या दिवशी पांडुरंगाच्या दारी जावे, जागर करावा, म्हणून आपण ती करतो. उद्या एखाद्या शास्त्रज्ञाने उपवासाचा काही उपयोग नाही म्हटले, तर आपण माळ काढून ठेवणार आहोत का?

पुढच्या वर्षी त्याच गावी त्याच दशमीला मी पुन्हा उभा राहिलो. निरूपण सुरू करण्याआधी मंडळींना सांगितले की गेल्या वर्षी मी इथे जे बोललो ते अप्रमाण होते, तो अभंग मला कुठल्याही गाथेत सापडला नाही, आणि ज्यांनी माझ्या शब्दावर गोळ्या-अन्नात फेरफार केला असेल त्यांची मी क्षमा मागतो. टाळ्या पडल्या नाहीत. त्या आजी पुढेच बसल्या होत्या. ते टाळकरी मात्र नव्हते, माघात वारले होते. त्यांना द्यायचे उत्तर राहून गेले, ते येथे देतो. तात्या, तो अभंग गाथ्यात नाही. आपले बरोबर होते.

रामकृष्णहरि.