शोधखिडकीतला कसारा

इगतपुरीत आषाढ लागला की धुकं उंबरा ओलांडून घरात येतं आणि श्रावण सरेपर्यंत हलत नाही. या दिवसांत मी जुनी टिपणं आवरायला काढतो. घाट, पाऊस, रेल्वे असे माझे विषय, पंधरा-वीस वर्षांचा पसारा आणि तो सांभाळणारा, लिनक्सवर चालणारा एक म्हातारा लॅपटॉप. गेल्या पावसाळ्यात एक टिपण काही केल्या सापडेना. घाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, त्यावरचं. शोधखिडकीत घाटाच्या पायथ्याचं स्टेशन, ‘कसारा’, लिहिलं. नऊ फायली आल्या, हवी ती नव्हती. कारण त्या टिपणात ‘कसारा’ हा शब्द एकदाही नव्हता. होते ते ‘कसाऱ्याला’, ‘कसाऱ्याहून’ आणि ‘कसाऱ्याच्या पुढे’.

कवितेत एखाद्या शब्दापाशी पाय अडतो, तसा मी इथे अडलो.

माझी शोधखिडकी रिकॉल नावाच्या प्रोग्रॅमची. देखणा म्हणावा असा तो नाही. खिडकी साधी, बटणं जुन्या वळणाची. पण त्याची उत्तरं द्यायची रीत मला फार आवडते. तो नुसतं फायलीचं नाव पुढे टाकत नाही, शब्दाच्या मागचापुढचा मजकूरही काढून देतो. एखादा जुना ग्रंथपाल पुस्तक देताना पान उघडून, त्यावर बोट ठेवून देई, तसं. पीडीएफ असो, ईमेल असो, झिपमधली फाइल असो, तो आत शिरतो. पोटात झेपियन हे शोधयंत्र आहे. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, अमुक शब्द अमुक पानांवर, तशी सगळ्या फायलींची एक सूची ते आधीच बांधून ठेवतं. म्हणून उत्तर पापणी लवायच्या आत येतं. ग्रेप ही आज्ञा सूची बांधत नाही, दर वेळी सगळं पहिल्यापासून वाचते. दहा फायलींसाठी ग्रेपच बरी. दहा हजार झाल्या की सूचीला पर्याय नाही.

पण सूचीत जातो तो लिहिलेला शब्द, जसाच्या तसा. इंग्रजी शब्दांचे शेपूट छाटून मूळ रूप काढणारे नियम स्नोबॉल या संचात आहेत आणि झेपियन तेच वापरतं. त्या संचात हिंदी आहे, नेपाळी आहे, तमिळ आहे, मराठी नाही. आणि मराठीत नुसतं शेपूट छाटून भागतही नाही, प्रत्ययाआधी शब्दच अंग बदलतो. पाऊस ‘पावसात’ भिजतो. मग ‘पाव*’ असा तारा लावून शोधावं, तर पावसाबरोबर पावती, पावभाजी आणि पावणेदोनही येऊन बसतात. ‘पावस*’ त्यातल्या त्यात बरं, फक्त रत्नागिरीकडचं पावस गाव सोबत येतं. त्याला माझी हरकत नाही.

कसाऱ्याचं दुखणं याहून खोल आहे. ‘कसाऱ्या’तला ऱ हा युनिकोडमध्ये र-हून वेगळा, स्वतःचा क्रमांक असलेला वर्ण. त्यामुळे ‘कसार*’ लिहिलं तरी तो हाती लागेलच असं नाही. शिवाय हा ऱ्य लिहायच्या रीती दोन. एकीत ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. कुणी ते आधी एकसारखे करून दिले नाहीत, तर यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. माझ्या जुन्या फायलींत दोन्ही सुखाने नांदत होते.

यावर एक तोडगा असतो: सूची बांधतानाच अक्षरांवरच्या खुणा सोलून टाकायच्या. ऱ म्हणजे र आणि खाली नुक्ता, अशी युनिकोडची फोड आहे. नुक्ता गेला की कसाऱ्या मुकाट्याने ‘कसार*’खाली येतो. छान. पण त्याच सोलण्यात ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक होतात. घाटमाथ्यावर राहणाऱ्याने दऱ्या शोधाव्यात आणि पुढ्यात समुद्र यावा!

हाच शोध इथून हाकेच्या अंतरावर किती सुरेख चालतो! धम्मगिरीवरच्या विपश्यना विशोधन विन्यासाने यांगूनच्या छट्ठ संगायनात, 1954 ते 56 या काळात, तपासलेलं पाली तिपिटक देवनागरीत छापलं आणि गेल्या शतकाच्या अखेरीस शोधाच्या सोयीसह सीडीवर आणलं. आज तो मजकूर इंटरनेटवर मोफत आहे. तिथे ‘भिक्ख*’ लिहिलं की भिक्खु, भिक्खवे, भिक्खूनं सारे रांगेत उभे. पालीतही रूपं बदलतात, पण इथे मूळ जागचं हलत नाही. आणि तो मजकूर पुरा झालेला, एका हाताखालून गेलेला. सूची एकदा बांधली की बांधली. माझ्या टिपणांना असा संपादक कुठला?

बाकीच्या शोधयंत्रांबद्दल थोडक्यात. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपने 2014 साली नेपोमुक हे आपलं जुनं शोधयंत्र बाजूला सारून बालू आणला. नाव ऐकून किपलिंगचं अस्वल आठवतं, आणि पहिल्या दिवशी तो खातोही तसाच. पंखा घोंघावतो, बॅटरी ओसरते. कसाऱ्याला लागलेली बँकर इंजिनं 37 ला 1 हा चढ पार करून इगतपुरीला निमूट सुटतात. बालू पुष्कळदा सुटायचं विसरतो. नुसती फायलींची नावं सूचीत घे असं बजावलं की शहाण्यासारखा वागतो. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचं शोधयंत्र मी फार वापरलेलं नाही.

पीलोकेट मात्र मला मनापासून आवडतं. ते फक्त फायलींची नावं शोधतं, तीन-तीन बाइटचे तुकडे करून. देवनागरीचा एक वर्ण यूटीएफ-8 मध्ये बरोबर तीन बाइटांचा, म्हणजे आपला एक वर्ण त्याला नेमका एका घासाएवढा! ही गाठ कुणी ठरवून बांधलेली नाही, म्हणून तर अधिक गोड. उणीव अशी की सूची साधारणपणे दिवसातून एकदाच ताजी होते, आणि फायलीला नाव नीट दिलेलं असावं लागतं. माझं हरवलेलं टिपण पुढे सापडलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘नवीन 3’.

एक गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते. एका नातेवाइकाला रागाच्या भरात लिहिलेलं पत्र मी न पाठवताच पुसून टाकलं होतं. दोन दिवसांनी भलतंच काही शोधताना त्यातल्या दोन ओळी रिकॉलने अदबीने पुढे केल्या. फाइल गेली होती, सूची अजून नव्याने बांधली नव्हती. कुलूपबंद फोल्डरची सूची उघड्यावर राहिली तर काय होईल, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून काही फोल्डर मी सूचीतून वगळले आहेत. जुन्या फॉन्टांत टंकलेल्या फायलीही वगळल्या. दिसायला मराठी, पण आत नुसता रोमन अक्षरांचा भुसा.

तरीही रिकॉल मी काढणार नाही. आता ‘कसारा OR कसाऱ्या*’ असं लिहितो, आणि काम भागतं.

ज्यांना मराठी व्याकरण कळतं आणि थोडं प्रोग्रॅमिंगही येतं, त्यांनी स्नोबॉलसाठी मराठीचे नियम लिहायला घ्यावेत. कसाऱ्याची चौदा रूपं मी टिपणांतून वेचून ठेवली आहेत. हवी त्याने खुशाल न्यावीत.